न निघालेल्या डागाचा इतिहास

भांडी धुण्याच्या यंत्राचा इतिहास हा बहुतांशी न निघालेल्या डागांचा इतिहास आहे. ताटाला चिकटलेली डाळ, ग्लासावरचे पांढरे पुट, वाटीच्या तळाचा ओशटपणा या तक्रारी यंत्राइतक्याच जुन्या आहेत. आज यंत्रात दिसणारा जवळजवळ प्रत्येक भाग त्यांपैकी एखाद्या तक्रारीला उत्तर म्हणून आला. फिरते फवारे, तळाची गाळणी, मिठाचा कप्पा, चकाकी आणणाऱ्या द्रवाची छोटी टाकी, वडीतली एन्झाइम, यांतले काहीच सुरुवातीला नव्हते. घरच्या डिशवॉशरमधून भांडी नीट निघत नसतील तर कारण शोधण्याची सोपी वाट म्हणूनच या इतिहासातून जाते. कोणता भाग कोणत्या डागासाठी आला हे कळले, की कोणत्या डागाच्या वेळी कोणता भाग तपासायचा हेही कळते.

राख, काथ्या आणि चिंच

यंत्राच्या आधी हात होते, आणि हातांची रीत शास्त्राला धरूनच होती. महाराष्ट्रातल्या घरांत मोरीवर किंवा परसात भांड्यांचा ढीग पडे. खरकटे आधी वेगळे काढले जाई. करपलेली, चिकटलेली भांडी पाणी घालून भिजत ठेवली जात. मग नारळाच्या काथ्याला चुलीतली राख लावून ती घासली जात. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात उतरले की पाणी अल्कधर्मी होते, तेला-तुपाचा काही अंश साबणासारखा होऊन सुटतो, आणि राखेचे बारीक कण उरलेला थर खरवडून काढतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र राखेऐवजी चिंच किंवा लिंबू लागे, कारण धातूवर चढलेला काळपट थर आम्लातच विरघळतो. शेवटी भांडी विसळून उन्हात पालथी घातली जात.

या रीतीमागचा हिशेब जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये सूत्रबद्ध केला. कोणतीही वस्तू स्वच्छ होण्यामागे चार घटक असतात: रसायन, घासण्याचे किंवा आपटण्याचे बळ, तापमान आणि वेळ. यांतला एक घटक कमी पडला तर उरलेल्या तिघांनी त्याची भर काढावी लागते. चारही घटक मिळून एक वर्तुळ पूर्ण होते, आणि ते झिनरचे वर्तुळ म्हणून ओळखले जाते. मोरीवरच्या भांड्यांना ते तंतोतंत लागू पडते. राख हे रसायन, काथ्या आणि मनगट हे बळ, ऊन पाणी हे तापमान आणि भिजत ठेवणे हा वेळ.

यंत्राची मूळ अडचण इथेच आहे. त्याच्याकडे मनगट नाही. पाण्याचा फवारा कितीही जोराचा असला तरी काथ्याची बरोबरी करू शकत नाही. त्यामुळे यंत्राला हाताला सोसणार नाही इतके तीव्र रसायन, हात घालवणार नाही इतके गरम पाणी आणि हातापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. या तिन्हींपैकी कशातही काटकसर झाली की डाग राहतो.

पाण्याचा मारा

अमेरिकेत १८५० मध्ये जोएल हॉटन यांनी भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी पिंप आणि हाताने फिरवायचे चाक अशी त्याची रचना होती. चाक फिरवले की भांड्यांवर पाणी उडे. १८६० च्या दशकात एल. ए. अलेक्झांडर यांनी दात्यांच्या चाकांनी भांड्यांची मांडणीच पाण्यात फिरवणारे यंत्र केले. दोन्हींमध्ये भांडी ओली होत, पण निघत नसत. पाणी भांड्याला नुसते लागून भागत नाही, ते ठरावीक दिशेने आणि जोराने आदळावे लागते, ही गोष्ट तोवर कोणी पुरती हेरली नव्हती.

ती हेरली जोसेफिन कॉक्रेन यांनी. इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावात राहणाऱ्या या बाईंच्या घरी जुनी, मोलाची चिनी मातीची भांडी होती, आणि घासताना त्यांचे टवके उडत. १८८३ मध्ये पती वारले आणि मागे कर्ज राहिले. तेव्हा घरच्या सोयीसाठी सुचलेले यंत्र त्यांच्या चरितार्थाचे साधन बनले. त्यांनी आपल्या ताटल्या, पेले, बशा मोजल्या आणि प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे केले. हे कप्पे तांब्याच्या हंड्यात आडव्या चाकावर बसवले. चाक फिरे आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा होई. जॉर्ज बटर्स या कारागिराने त्यांना यंत्र उभे करायला मदत केली. २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिथल्या उपाहारगृहांची भांडी याच यंत्रांनी धुतली, आणि यंत्राला पारितोषिकही मिळाले. हॉटेले आणि मोठी उपाहारगृहे गिऱ्हाइके झाली. कॉक्रेन १९१३ मध्ये वारल्या. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट कंपनीने घेतली, आणि पुढे १९४९ मध्ये किचनएड या नावाने त्या परंपरेतले घरगुती यंत्र बाजारात आले.

कॉक्रेन यांच्या तारेच्या कप्प्यांत आजच्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारींचे उत्तर आहे. भांडे दुसऱ्याला न टेकता, तोंड पाण्याच्या दिशेने करून, तिरपे उभे राहिले पाहिजे. वाटीत वाटी बसली तर आतल्या वाटीला पाण्याचा थेंबही लागत नाही. मोठे पातेले खालच्या फवाऱ्यावर पालथे पडले तर वरच्या जाळीतले सगळे पेले कोरडे राहतात. चमचे एकमेकांत पाठीला पाठ लावून रुतले तर मधल्या चमच्याला चिकटलेला भात तसाच परत येतो. डाग रोज एकाच जागच्या भांड्यांवर राहत असेल तर यंत्रात बिघाड शोधण्याआधी मांडणी बदलून पाहावी.

साबण हरला

हॉटेलांत चाललेले यंत्र घरांत मात्र चालेना. एक कारण किमतीचे होते. दुसरे होते गरम पाण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सामान्य अमेरिकन घरातला बंब यंत्राला पुरेल इतके कढत पाणी एका वेळी देऊ शकत नसे. तिसरे कारण पाण्याच्या जातीचे होते. अनेक गावांत पाणी जड होते.

मराठी शालेय पुस्तके अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, म्हणजे ज्यात फेस नीट येत नाही असे पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण या क्षारांशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. हाताने घासताना तो पुढच्या पाण्याबरोबर निघून जातो. यंत्रात मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असते, त्यामुळे साका भांड्यांवरच बसतो. डाग काढायला घातलेला साबण स्वतःच डाग बनला.

उपाय रसायनशास्त्राने दिला. साबणाऐवजी धुण्याचा सोडा आणि फॉस्फेट यांची पूड वापरणे सुरू झाले. १९३० च्या दशकात पिट्सबर्गचे राल्फ हॉल यांनी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट हे संयुग पाणी सुफेन करण्यासाठी वापरात आणले. कॅल्शियमला ते पाण्यातच धरून ठेवते आणि त्याचा साका होऊ देत नाही. याच घराण्यातले सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या पावडरींचा कणा बनले. १९५५ मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने कॅस्केड ही खास डिशवॉशरसाठीची पूड आणली. सोडा तेल सोडवी, फॉस्फेट क्षार धरून ठेवी आणि क्लोरिन चहा-कॉफीचे डाग उडवी. शंभर वर्षे अडलेले काम या तिघांच्या जोडीने मार्गी लागले.

या पुडीचा एक गुण हाताने घासणाऱ्याला विचित्र वाटतो: तिला फेस येत नाही, आणि येऊही नये. हाताने घासताना फेस म्हणजे स्वच्छतेची खूण. यंत्रात मात्र फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि फवाऱ्याचा जोर जातो. सिंकवरचा भांडी घासण्याचा द्रव यंत्रात घातला तर काही मिनिटांत दारातून फेस बाहेर येतो आणि भांडी ओशट राहतात. ताटे हाताला मेणचट लागत असतील तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात: कप्प्यात डिशवॉशरचीच पूड किंवा वडी आहे ना, आणि ती पूर्ण विरघळते ना. वडी अर्धवट तशीच उरत असेल तर एखादे ताट किंवा पळी कप्प्याच्या झाकणाला अडत असते, किंवा निवडलेला कार्यक्रम फार छोटा असतो.

ओशटपणाचे दुसरे कारण गार पाणी. वनस्पती तुपासारखी चरबी चाळीस अंशांच्या आसपास वितळते. पाणी त्याच्या खाली राहिले तर ती भांड्यावरून सुटते खरी, पण सुटून पुन्हा सगळीकडे पातळ थराने बसते. अमेरिकेत यंत्र बहुधा घराच्या गरम पाण्याच्या नळाला जोडलेले असते, म्हणून तिथे यंत्र लावण्याआधी स्वयंपाकघरातला नळ गरम पाणी येईपर्यंत सोडावा असा सल्ला देतात. युरोपात आणि भारतात विकली जाणारी यंत्रे गार पाणी घेऊन स्वतः तापवतात. कार्यक्रमाच्या मध्यावर दार हळूच उघडले आणि आतून वाफ आली नाही तर तापवणारा भाग निकामी झाल्याचा संशय घ्यावा.

फिरते हात आणि गाळणी

आजच्या घरगुती यंत्राचा आकार १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये ठरला. पहिल्या महायुद्धात शस्त्रे घडवणारे अभियंते विल्यम हॉवर्ड लिव्हेन्स यांनी समोर दार, आत तारेची जाळी आणि खाली फिरता फवारा असलेले छोटे यंत्र केले. १९२९ मध्ये जर्मनीत मीले कंपनीने विजेवर चालणारे यंत्र आणले, आणि युरोपातले पहिले विजेचे डिशवॉशर म्हणून त्याची नोंद आहे. भांडी चाकावर फिरवण्याऐवजी फवारा फिरवणे ही यातली मोठी सुधारणा. फवाऱ्याच्या दांड्याला भोके तिरपी असतात, आणि त्यांतून सुटणाऱ्या पाण्याच्या धक्क्यानेच दांडा फिरतो. त्याला वेगळी मोटर लागत नाही.

हीच सोय डाग राहण्याचे कारणही ठरते. महाराष्ट्रातल्या घरात या भोकांत काय अडकते ते दांडा काढून उजेडासमोर धरल्यावर दिसते. मोहरीचा दाणा भोकात बुचासारखा बसलेला असतो. जिऱ्याचे टोक, लिंबाची बी, कढीपत्त्याच्या पानाची शीर अशा गोष्टी दुसऱ्या भोकांत सापडतात. एक भोक बुजले की त्या रेषेतली भांडी राहतात. दोन-तीन बुजली की दांड्याचा वेग मंदावतो आणि वरच्या जाळीपर्यंत पाणी पोचत नाही. बहुतेक यंत्रांत दांडा हाताने सुटतो. तो नळाखाली धरून दातकोरणीने भोके मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. भांडी लावून झाल्यावर दांडा बोटाने एकदा फिरवून पाहावा. कुठल्या पळीचा दांडा खाली लोंबून त्याला अडत नाही याची खात्री होते.

पाणी फिरवून वापरायचे म्हणजे त्यातली घाण वेगळी करावी लागते, म्हणून गाळणी आली. अमेरिकन कंपन्यांनी बरीच वर्षे खरकटे दळून निचऱ्यात सोडणारी रचना वापरली. ती सोयीची, पण आवाज करणारी होती. युरोपीय कंपन्यांनी हाताने काढून धुण्याची गाळणी ठेवली. तिला आवाज नव्हता, पण ती माणसाच्या आठवणीवर अवलंबून होती. भारतात मिळणाऱ्या यंत्रांत सहसा ही दुसरी गाळणी असते. ती आठवड्यातून एकदा तरी काढून, जुन्या टूथब्रशने घासून, नीट आवळून बसवावी. ती तुंबली की पेल्यांच्या तळाशी रवाळ कण येतात आणि यंत्राला आंबूस वास सुटतो. सैल बसली तर कण थेट पंपात जातात.

मिठाचा कप्पा आणि शेवटचे पाणी

जड पाण्याचा प्रश्न फॉस्फेटने पुडीपुरता सोडवला, पण शेवटी विसळायच्या पाण्यात पूड नसते. ते पाणी वाळले की त्यातले क्षार काचेवर ठिपके सोडतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन रसायनतज्ज्ञ रॉबर्ट गान्स यांनी झिओलाइट वापरून पाण्यातले कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडण्याची रीत विकसित केली होती. तेच तत्त्व पुढे युरोपातल्या डिशवॉशरच्या पोटात बसवले गेले. पाणी राळेच्या बारीक मण्यांतून जाते आणि मणी कॅल्शियम धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे केले जातात. मिठाचा कप्पा असतो तो यासाठी. मीठ भांड्यांपर्यंत पोचतच नाही.

कप्प्यात जाड, शुद्ध, आयोडीन न घातलेले मीठ लागते. खाण्याच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ मण्यांत अडकतात. पाण्याच्या जडपणानुसार यंत्रावर आकडा लावावा लागतो, आणि यंत्र बसवताना हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. कप्प्याचे झाकण सैल राहिले तर खारट पाणी आत झिरपते आणि भांड्यांवर खरखरीत थर येतो.

चकाकी आणणाऱ्या द्रवाचे, म्हणजे रिन्स एडचे, काम वेगळे आहे. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे थेंब न साचता पाणी पातळ पडद्यासारखे निथळून जाते. टाकी रिकामी असेल तर ग्लास ठिपक्याठिपक्यांचे होतात आणि भांडी ओली राहतात. प्लॅस्टिकचे डबे मात्र रिन्स एड असूनही ओलेच निघतात. पोलादाइतकी उष्णता ते धरून ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचे पाणी वाळत नाही. यात दोष यंत्राचा नसतो.

स्पोकेनचे पांढरे ग्लास

१९६० च्या दशकात अमेरिका-कॅनडा सीमेवरचे ईरी सरोवर शेवाळाने भरले. धुण्याच्या पावडरींतले फॉस्फेट सांडपाण्यातून सरोवरात जाऊन शेवाळाचे खत बनत होते. पुढच्या दशकात कपड्यांच्या पावडरीतून अनेक ठिकाणी फॉस्फेट काढले गेले. डिशवॉशरच्या पुडीला मात्र सूट मिळाली, कारण तिला चांगला पर्याय नव्हता.

ही सूट वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन परगण्याने १ जुलै २००८ पासून काढून घेतली. तिथल्या नदीला फॉस्फरसचा भार सोसत नव्हता, आणि तिथले पाणी जडही होते. थोड्याच दिवसांत ग्लासांवर पांढरा थर दिसू लागला. काही रहिवासी सीमेपलीकडे आयडाहो राज्यात जाऊन जुनी पूड घेऊन येऊ लागले. जुलै २०१० मध्ये सोळा राज्यांत हीच मर्यादा लागू झाली. पुडीतल्या फॉस्फरसची कमाल मर्यादा आठ टक्क्यांहून जास्त होती, ती अर्ध्या टक्क्यावर आली. देशभर लोकांना आपली यंत्रे बिघडली असे वाटले. अनेकांनी कारागीर बोलावले, काहींनी नवी यंत्रेही घेतली. यंत्रे ठाकठीक होती. पुडीतून एक घटक गेला होता आणि त्याचे काम करणारे दुसरे काही अजून सापडलेले नव्हते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून एका धुण्यामागे फॉस्फरस ०.३ ग्रॅमवर आणला, तेव्हा मात्र सायट्रेट, नवी क्षारबंधक संयुगे आणि पॉलिमर यांची तयारी झालेली होती.

ग्लास पांढरा दिसतो त्याची दोन कारणे असू शकतात, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ग्लासाच्या एका बाजूला लिंबाची फोड किंवा व्हिनेगरचा बोळा मिनिटभर चोळावा. काच लख्ख झाली तर तो क्षारांचा थर होता, आणि मीठ, आकडा किंवा रिन्स एड वाढवून तो थांबतो. काच तशीच धूसर राहिली आणि तिरपे धरल्यावर इंद्रधनुषी छटा दिसली तर काचच झिजली आहे. फार सुफेन पाणी, जास्त पूड आणि जास्त उष्णता यांच्यामुळे असे होते. ती झीज भरून येत नाही. उरलेल्या ग्लासांसाठी पूड आणि तापमान कमी करणे एवढेच हातात राहते.

पाणी कमी, वेळ जास्त

१९९० च्या दशकापासून वीज आणि पाणी वाचवण्याचे नियम कडक होत गेले. अमेरिकेत २०१३ पासून साध्या घरगुती यंत्राला एका धुण्यात पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटरची कमाल मर्यादा आली. पूर्वीची यंत्रे याच्या दुपटीहून अधिक पाणी घेत. युरोपातली बरीच यंत्रे आता दहा लिटरच्या आसपास भागवतात. मोरीवरच्या नळाखाली तेवढ्या भांड्यांना याहून कितीतरी जास्त पाणी जाते, आणि दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशाला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही.

झिनरच्या वर्तुळात पाणी आणि उष्णता कमी झाली तर रसायन आणि वेळ वाढायला हवा. रसायनात एन्झाइम आली: प्रोटीएज डाळ, अंडे आणि दुधाचे थर तोडते, अमायलेज भाताची पेज आणि पिठल्याचा लेप सोडवते. क्लोरिनची जागा ऑक्सिजन सोडणाऱ्या संयुगांनी घेतली, कारण क्लोरिन एन्झाइमलाही मारते. एन्झाइमला कोमट पाणी आणि भरपूर वेळ लागतो, म्हणून इको कार्यक्रम तीन तासांपर्यंत चालतो. तो लांबलेला पाहून घाईचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावला तर वाळलेली डाळ सुटत नाही. घाईचा कार्यक्रम नुकत्याच वापरलेल्या, कमी खरकट्या भांड्यांसाठीच असतो.

याच काळात पाण्याचा गढूळपणा मोजणारा संवेदक आला. पाण्यातून प्रकाश सोडून तो किती पलीकडे पोचतो यावरून यंत्र अजून किती धुवायचे हे ठरवते. त्यामुळे भांडी आधी हाताने धुऊन लावण्याची सवय तोट्याची ठरली. पाणी स्वच्छ दिसले की संवेदक असलेले यंत्र काम आवरते घेते आणि एखाद्या कढईला चिकटलेला थर राहून जातो. खरकटे झाडून टाकावे, हाडे, बिया, पाने काढावीत, पण भांडी विसळू नयेत.

मराठी स्वयंपाकघरात

महाराष्ट्रात हे यंत्र उशिरा आले, कारण काम करणारे हात स्वस्त होते. त्या हातांना किंमत मिळवून देण्याचा लढा पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींच्या संपाने उभा राहिला, आणि २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. राखेची जागा तोवर पुडीने आणि मग वडीच्या साबणाने घेतली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांना घरी थांबावे लागले, आणि शहरांत डिशवॉशरची मागणी एकाएकी वाढली. युरोपातल्या चपट्या ताटल्यांसाठी घडलेले यंत्र कुकर, कढई आणि खोलगट वाट्यांसमोर उभे राहिले. कंपन्यांनी जाळ्या खाली-वर होणाऱ्या केल्या आणि कढईसाठी जास्त गरम, जास्त जोराचे कार्यक्रम दिले.

इथल्या काही अडचणी इथल्याच आहेत. मुंबईचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरण-तलावांतून येते आणि सुफेन असते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. महापालिकेच्या पाण्यावर आठ महिने चांगले चाललेले यंत्र उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पांढरे ग्लास देऊ लागते. अशा वेळी मिठाचा आकडा वाढवायचा असतो. वरच्या मजल्यावरच्या घरांत दाबाचा प्रश्न येतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून सुमारे एक बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर दोन मीटरवर असेल तर यंत्रात पाणी फार हळू भरते किंवा कमी भरते.

हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि प्लॅस्टिकच्या डब्यात मुरतो, त्यामुळे तो यंत्रातून पूर्ण निघत नाही. उन्हाने मात्र तो उडतो, आणि भांडी उन्हात घालण्याची जुनी रीत तिथे आजही उपयोगी आहे. ॲल्युमिनियम तीव्र अल्कात काळे पडते, लोखंडी तवा गंजतो, पितळ निस्तेज होते आणि कल्हईच्या भांड्यांना हे पाणी मानवत नाही. ही भांडी हातानेच घासावीत.

शोधाचा क्रम

डाग राहिला तर इतिहासाच्याच क्रमाने मागोवा घ्यावा. आधी मांडणी, मग फवारे आणि गाळणी, मग पाण्याची उष्णता आणि दाब, मग पूड आणि तिची जागा, मग मीठ आणि रिन्स एड, आणि शेवटी कार्यक्रमाचा वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते. इतके करूनही पाणी तापत नसेल, भरत नसेल किंवा निचरत नसेल तरच कारागिराला बोलवावे. बहुतेक वेळा ती पाळी येत नाही. गाळणी धुतली, मोहरीचा दाणा निघाला, मिठाचा आकडा लावला, की भांडी निघतात.